हिमदेशीचे श्वान, कापसाच्या मुलखात

वैशाखातले यवतमाळ ज्याने अनुभवले आहे, त्याला उन्हाळा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. पारा बेचाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान खेळत असतो. सकाळी दहा-अकरापासून रस्ते ओस पडू लागतात, दुकानांच्या पायऱ्यांवर पाणी शिंपडले जाते, आणि दुपारच्या वेळी गिऱ्हाईकही सावलीचा आडोसा पाहूनच पाऊल टाकते. अशाच एका वैशाखात आमच्या आत्येबहिणीच्या घरी घडलेली गोष्ट या लेखाला निमित्त झाली आहे.

तिच्या थोरल्या मुलाने नागपुरातून ‘ल्हासा’ जातीचे एक पिल्लू आणले होते. पांढरेशुभ्र, लांब केसांचे, डोळ्यांवर झुलपे आलेले ते पिल्लू पाहता पाहता साऱ्या घराचे लाडके झाले. दुकानातून परतलेल्या पाहुण्यांच्या पायाशी लोळणे आणि अनोळखी माणूस दारात येताच आकाराला न शोभणाऱ्या आवाजात भुंकणे, हा त्याचा नित्यक्रम. दीड वर्षांनी घरची सगळी मंडळी एका लग्नासाठी दिग्रसला गेली. कुत्र्याला मागच्या पत्र्याच्या पडवीत, पंख्याखाली, पाण्याचे भांडे भरून ठेवले होते. दुपारी वीज गेली. भांडे केव्हा तरी उलटले. सायंकाळी पाच वाजता मंडळी परतली, तेव्हा ते दाराशी निपचित पडलेले होते. पशुवैद्यांनी शक्य ते सारे केले. पण रात्री त्याने प्राण सोडला. घरातील नऊ वर्षांच्या नातीने त्या रात्री एकच प्रश्न विचारला : हा बर्फाच्या देशातला होता, तर आपण त्याला इथे का आणले?

त्या प्रश्नाला घरात कोणापाशी उत्तर नव्हते. कुणी निर्दयपणे वागले नव्हते. उलट प्रेम भरपूर होते. उणीव होती ती माहितीची. हा प्राणी कोठला, कोणत्या कामासाठी घडला, त्याच्या अंगावरील केसांचा अर्थ काय, हे कोणी विचारलेच नव्हते. म्हणून आपल्या कुटुंबांतून हौसेने पाळल्या जाणाऱ्या, किंवा मोबाइलवर पाहून घ्याव्याशा वाटणाऱ्या तिबेटी श्वानांची मुळापासून ओळख करून घेणे अगत्याचे वाटते.

उंच पठाराची देणगी

तिबेटची राजधानी ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. भटक्या पशुपालकांची कुरणे तर चार-साडेचार हजार मीटरांवर. आपले यवतमाळ जेमतेम साडेचारशे मीटरांवर वसले आहे. ल्हासा येथे ऐन उन्हाळ्यातही दिवसाचा पारा पंचविशीच्या आसपास राहतो, आणि हिवाळ्यातील रात्री तो शून्याच्या बऱ्याच खाली उतरतो. हवा विरळ, वारा बोचरा, झाडे तुरळक. अशा प्रदेशात माणसाने याक, मेंढ्या आणि घोडे यांच्या आधाराने संसार मांडला, आणि त्या संसाराची राखण कुत्र्याकडे सोपवली.

तिबेटी श्वानांच्या जाती ढोबळ मानाने पाच सांगितल्या जातात : तिबेटी मॅस्टिफ, ल्हासा आप्सो, तिबेटी टेरियर, तिबेटी स्पॅनियल, आणि तिबेटी रक्ताचा पण चीनच्या राजवाड्यात घडलेला शिह त्झू. यांपैकी कोणतीही जात प्रदर्शनासाठी निर्माण झालेली नव्हती. प्रत्येकीला नेमून दिलेले काम होते, आणि त्या कामाप्रमाणेच तिचे अंग, केस, आवाज व स्वभाव बनत गेला. २००४ साली ८५ जातींच्या कुत्र्यांच्या जनुकांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. लांडग्याशी सर्वांत जवळचे नाते दाखवणाऱ्या चौदा प्राचीन जातींत ल्हासा आप्सो, तिबेटी टेरियर आणि शिह त्झू या तिघांची गणना झाली. मांडीवर बसणारा हा चिमुकला जीव वंशाने लांडग्याच्या इतका निकट असावा, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल.

बांधून ठेवण्याचा कुत्रा

तिबेटी मॅस्टिफला त्याच्या देशात ‘दो-ख्यी’ म्हणतात. या शब्दाचा अर्थच मुळी ‘बांधून ठेवण्याचा कुत्रा’ असा केला जातो. दिवसा त्याला तंबूच्या किंवा वाड्याच्या दाराशी साखळीने बांधत आणि रात्री मोकळे सोडत. लांडगा, हिमबिबट्या आणि चोर या तिघांपासून कळप वाचवणे हे त्याचे काम. याकच्या केसांचे, लाल रंगात रंगवलेले जाड गळपट्टे त्याच्या मानेभोवती घालण्याची रीत होती. त्यामुळे तो अधिकच भारदस्त दिसे. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची किमान ६६ सेंटिमीटर भरते, आणि वजन पन्नास-साठ किलोंच्या घरात जाते. अंगावर केसांचे दोन थर असतात : वरचा लांब व राठ, आतला दाट लोकरीसारखा. आतला थर वर्षातून एकदा, थंडी ओसरल्यावर, मोठ्या प्रमाणावर झडतो. मादी बहुधा वर्षातून एकदाच माजावर येते. इतर बहुतेक जातींच्या माद्या दोनदा येतात. या बाबतीतही तो लांडग्यासारखाच.

तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो याने तिबेटातील गाढवाएवढ्या कुत्र्यांचा उल्लेख केला आहे. त्यात अतिशयोक्ती असली, तरी त्या काळच्या प्रवाशाची उडालेली धांदल त्यातून दिसते. १८४७ साली भारताचे गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंग यांनी या जातीचा एक कुत्रा व्हिक्टोरिया राणीकडे पाठवला, आणि युरोपात त्याविषयी कुतूहल जागे झाले.

त्याच्या शरीराची खरी नवलाई मात्र डोळ्यांना न दिसणारी आहे. विरळ हवेत माणूस किंवा जनावर नेल्यास शरीर रक्तातील तांबडे घटक वाढवू लागते. रक्त घट्ट होते आणि हृदयावर भार पडतो. मॅस्टिफचे तसे होत नाही. शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, हा गुण देणारा जनुकाचा विशिष्ट नमुना त्याला पठारावरच्या लांडग्यांकडून, जुन्या काळी झालेल्या संकरातून मिळाला आहे. खालच्या प्रदेशातून माणसाबरोबर वर आलेल्या कुत्र्याने तिथल्या रहिवाशाकडून ही पुंजी उसनी घेतली असे म्हणावे लागेल. आणखी गंमत अशी की, त्याच जनुकाचा उंचीला उपयोगी नमुना तिबेटी माणसालाही एका लुप्त मानवजातीकडून मिळालेला आहे. माणूस आणि कुत्रा, दोघांनीही एकाच संकटावर जवळजवळ एकच उपाय शोधला.

परंतु ज्या पुंजीची किंमत चार हजार मीटरांवर प्राणाएवढी, तिचा उपयोग साडेचारशे मीटरांवर शून्य. केसांच्या दोन थरांची गोष्टही तीच.

मठातील पहारेकरी

ल्हासा आप्सो हा आपल्याकडे सर्वाधिक ओळखीचा. उंची पंचवीस ते अठ्ठावीस सेंटिमीटर, वजन पाच ते आठ किलो. तो खेळण्यासारखा दिसतो, म्हणून त्याला खेळणे समजण्याची चूक होते. खरे पाहता तो पहारेकरी आहे. मठांतून आणि श्रीमंतांच्या वाड्यांतून बाहेरच्या दाराशी मॅस्टिफ असे. आतल्या दालनात ल्हासा. त्याचे कान तीक्ष्ण. अनोळखी पाऊल वाजताच तो भुंकून घर जागे करी, आणि पुढचे काम बाहेरचा मोठा कुत्रा किंवा घरची माणसे पाहत. म्हणून आजही हा कुत्रा परक्याशी चटकन सलगी करीत नाही, घरातही स्वतःचे मत राखून असतो आणि धाकाने शिकत नाही. मुलांनी ओढाताण केली तर चावा घेण्यास मागेपुढे पाहत नाही. त्याला हट्टी म्हणण्यापूर्वी हा पिढीजात व्यवसाय ध्यानात घ्यावा.

त्याचे केस राठ, सरळ व लांब असतात. ते डोळ्यांवर येतात, ते बर्फावरून परावर्तित होणारी तिरीप आणि धूळ यांपासून बचाव व्हावा म्हणून, असे सांगितले जाते. नीट सांभाळ झाल्यास तो बारा ते पंधरा वर्षे जगतो.

हे कुत्रे बाजारात मांडले जात नसत, ते सन्मानाने दिले जात, अशी परंपरा सांगतात. सिक्कीममधील ब्रिटिश अधिकारी कर्नल बेली आणि त्यांच्या पत्नी यांनी १९२८ मध्ये काही ल्हासा इंग्लंडला नेले. १९३३ मध्ये तेराव्या दलाई लामांनी सायडॅम कटिंग या अमेरिकन प्रवाशाला दोन ल्हासा भेट दिले. अमेरिकेतील ल्हासांच्या वंशाचा आरंभ त्या भेटीपासून मानला जातो. १९३५ साली तेथील केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली.

व्यापाऱ्याची भेट

तिबेटी टेरियर हे नाव फसवे आहे. टेरियर म्हणजे बिळात शिरून शिकार करणारा कुत्रा. हा तसे काहीच करीत नाही. युरोपियनांना त्याच्या आकारावरून साम्य वाटले आणि नाव चिकटले. उंची ३६ ते ४१ सेंटिमीटर, म्हणजे ल्हासापेक्षा मोठा आणि मॅस्टिफपेक्षा पुष्कळच लहान. त्याचे पाय पाहण्यासारखे असतात. पंजे रुंद, चपटे आणि केसाळ; बर्फात पाऊल रुतू नये अशी ही नैसर्गिक पादत्राणेच. मेंढपाळांबरोबर चालणे, कड्यावरून घसरलेली वस्तू शोधून आणणे आणि घराला शुभ म्हणून सांभाळले जाणे, असे त्याचे तिहेरी जीवन.

हा कुत्रा जगाला कसा ठाऊक झाला, ही कथा व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. १९२० च्या दशकात डॉ. ग्रेग या ब्रिटिश स्त्री-डॉक्टर भारतात सेवा करीत होत्या. एका धनिक तिबेटी व्यापाऱ्याच्या पत्नीवर त्यांनी उपचार केले. बरे वाटल्यावर त्या कुटुंबाने कृतज्ञता म्हणून त्यांना एक पिल्लू दिले. तिचे नाव बंटी. डॉक्टरीणबाईंनी पुढे या वंशाचा चिकाटीने सांभाळ केला, आणि १९३० साली भारतातील केनेल क्लबने या जातीची स्वतंत्र नोंद केली. पैशाने फेडता न येणारे उपकार त्या व्यापाऱ्याने आपल्या घरातील सर्वांत शुभ मानलेल्या जीवाने फेडले.

भिंतीवरचा टेहळ्या आणि राजवाड्याचा सिंह

तिबेटी स्पॅनियल आपल्याकडे क्वचितच दिसतो. उंची सुमारे पंचवीस सेंटिमीटर, वजन चार ते सात किलो. अंगावर रेशमी केस आणि पाठीवर वळलेली शेपटी. मठाच्या उंच भिंतीवर बसून दूरचा रस्ता न्याहाळणे आणि कोणी येताना दिसल्यास आरोळी ठोकणे, हे त्याचे काम. आजही या जातीच्या कुत्र्याला घरातील सर्वांत उंच जागा, सोफ्याची पाठ किंवा खिडकीची कड, मनापासून आवडते. तो प्रार्थनाचक्रे फिरवीत असे, ही कथा पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. तिला आधार मात्र नाही.

शिह त्झू या नावाचा अर्थ सिंह. तिबेटातून चीनच्या दरबारात भेटीदाखल गेलेल्या कुत्र्यांपासून पेकिंगच्या राजवाड्यात ही जात घडली, असे मानतात. दुकानदार पुष्कळदा ल्हासा आणि शिह त्झू यांत फरक करीत नाहीत. घेणाराही विचारीत नाही. हा फरक मात्र जीवनमरणाचा ठरू शकतो. ल्हासाचे डोके अरुंद आणि नाकाड थोडे लांब असते. शिह त्झूचा चेहरा गोल, डोळे मोठे, नाक चपटे आणि नाकाच्या दांड्यावरील केस शेवंतीच्या पाकळ्यांसारखे वर फुललेले. चपट्या नाकामुळे श्वासाची वाट आखूड होते, आणि कुत्र्याला उन्हापासून वाचवणारी मुख्य यंत्रणा श्वास हीच आहे.

लोकरीची वाट आणि आपली वाट

तिबेटी श्वान भारतात उतरले ते व्यापाराच्या वाटेने. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिबेटची लोकर खेचरांच्या तांड्यांवरून जेलेप ला ही खिंड ओलांडून कालिम्पाँगला येत असे. तेथील लोकरीच्या वखारींत मारवाडी पेढ्यांचा मोठा वाटा होता. वऱ्हाडात कापसाच्या गाठी मोजणाऱ्यांचे जातभाई तिकडे लोकरीच्या गाठी मोजत होते, असे म्हणता येईल. त्या तांड्यांबरोबर कुत्रे चालत. मुक्कामाच्या जागी मालाची राखण करीत. १९६२ च्या युद्धानंतर ती वाट बंद झाली.

त्यापूर्वीच, १९५९ पासून, हजारो तिबेटी निर्वासित भारतात येऊ लागले होते. त्यांची एक वसाहत आपल्या विदर्भातच आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्ग्येलिंग ही वसाहत उभी राहिली. हिवाळ्यात विदर्भातील शहरांतून रस्त्याच्या कडेला स्वेटर-शालींची दुकाने मांडणारे तिबेटी आपण सर्वांनी पाहिले आहेत. बर्फाच्या पठारावरून उठलेल्या या माणसांनी पूर्व विदर्भाच्या उन्हात घरे बांधली, शेती केली आणि मुलांना शिकवले. माणसाला असे जमते. तो घराची रचना बदलतो, कपडे बदलतो, दुपारची कामे सकाळवर ढकलतो. कुत्र्याला अंगावरचा कोट उतरवता येत नाही, आणि पडवीचे दारही उघडता येत नाही.

भावाचा फुगा

बाजारभाव समजणाऱ्या वाचकांसाठी या विषयात एक मोठा धडा आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चीनमधील नवश्रीमंतांत तिबेटी मॅस्टिफची हौस वाढली. बंगला आणि गाडी यांच्या जोडीला दाराशी मॅस्टिफ असणे प्रतिष्ठेचे झाले. २०११ मध्ये लाल रंगाचा एक मॅस्टिफ एक कोटी युआनला, म्हणजे त्या वेळच्या दराने सहा-सात कोटी रुपयांना विकला गेल्याची बातमी जगभर गाजली. २०१४ मध्ये दुसऱ्या एकाला एक कोटी वीस लाख युआन मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. यांतील काही सौदे केवळ भाव चढवण्यासाठी आपसांत केलेले होते, असा संशयही तेव्हा व्यक्त झाला. २०१३ मध्ये तर एका चिनी प्राणिसंग्रहालयाने सिंहाच्या पिंजऱ्यात मॅस्टिफ ठेवला. तो भुंकू लागल्यावर प्रेक्षकांच्या लक्षात आले.

भाव चढताच पैदास बेसुमार वाढली. संकर झाले, अशक्त पिल्ले निपजली. मग नेहमीचेच घडले. माल अधिक आणि गिऱ्हाईक कमी. त्यातच अनेक शहरांनी मोठ्या कुत्र्यांवर निर्बंध घातले. दोन-चार वर्षांत भाव कोसळले. कापूस पडेल भावात गेला तर व्यापाऱ्याचे नुकसान होते; येथे नुकसान मालाचेच झाले, कारण माल सजीव होता. कित्येक पैदासकेंद्रे बंद पडली, कुत्रे मोकळे सोडून देण्यात आले आणि पठारावर भटक्या मॅस्टिफचे कळप फिरू लागले. २०१५ च्या सुमारास कत्तलीसाठी चाललेल्या मालमोटारीतून स्वयंसेवकांनी जे कुत्रे सोडवले, त्यांत मॅस्टिफही होते.

आपल्या पूर्वाचार्यांनी श्रावकाला वर्ज्य ठरवलेल्या पंधरा कर्मादानांत ‘केशवाणिज्य’ सांगितले आहे : केस असलेल्या जीवांचा, माणसांचा आणि पशूंचा, व्यापार. व्यापारी समाजासाठीच घालून दिलेली ही मर्यादा आहे. नफ्यातोट्याच्या वहीत ज्या मालाला तहान लागते तो लिहू नये, एवढा साधा आशय त्यातून घेतला तरी पुरे.

यवतमाळच्या उन्हात

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. माणसाला सर्वांगाने घाम येतो. कुत्र्याला तो नाममात्र, पंजांच्या तळव्यांवर येतो. बाकी सारी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. हवा जेव्हा त्याच्या शरीरापेक्षा अधिक तापलेली असते, तेव्हा ही यंत्रणा थकू लागते. त्यात पाणी संपले किंवा वारा थांबला की शरीराचे तापमान झपाट्याने चढते. ते ४१ अंशांपलीकडे गेल्यास मेंदू, मूत्रपिंड आणि आतडी यांना इजा होऊ लागते. आमच्या आत्येबहिणीच्या पडवीत हेच झाले. पत्र्याखालची हवा, बंद दार, थांबलेला पंखा, उलटलेले भांडे. यांतील एकही गोष्ट एकेकटी पाहिली तर प्राणघातक वाटत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी ल्हासा किंवा शिह त्झू आहे, त्यांनी पुढील गोष्टी आवर्जून पाळाव्यात.

चैत्र ते ज्येष्ठ या काळात फिरायला नेणे सूर्योदयापूर्वी आणि रात्रीच करावे. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताचा पालथा पंजा काही क्षण टेकवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल, तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही.

कुत्र्याला पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर किंवा बंद मोटारीत, पाच मिनिटांसाठीही, एकटे ठेवू नये. घर सोडून जायचे असेल तर शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी. पाण्याची दोन जड भांडी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत. मातीचे पसरट भांडे उत्तम, कारण ते सहसा उलटत नाही आणि पाणीही गार राहते.

ल्हासा व शिह त्झू यांचे केस उन्हाळ्यात कातरून आखूड ठेवावेत; पण कातडी दिसेल इतके भादरू नयेत, त्याने ऊन थेट लागते. डोळे रोज ओल्या स्वच्छ कापडाने पुसावेत. केसांच्या गुंत्यात गोचीड लपतात, तेव्हा विंचरणे हा शृंगार न समजता आरोग्याचा भाग समजावा.

धाप अतोनात लागणे, लाळ घट्ट होणे, जीभ गडद लाल होणे, चालताना झोक जाणे, उलटी होणे, ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी कुत्र्याला सावलीत घेऊन सर्वांगावर, विशेषतः पोट व पायांवर, साधे गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि लागलीच पशुवैद्याकडे न्यावे. शुद्ध हरपलेली असल्यास तोंडात पाणी ओतू नये.

आहाराविषयी आपल्या घरांत नेहमी प्रश्न येतो. तिबेटातही कुत्र्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा त्साम्पा येई, म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ. आपल्या सातूच्या पिठाचा तो सख्खा भाऊ. कुत्रा पिठूळ अन्न लांडग्यापेक्षा चांगले पचवतो, हे शास्त्रानेही दाखवले आहे. तरीही केवळ पोळी-दुधावर त्याचे पोषण होत नाही. शाकाहारी आहार द्यायचा असेल तर प्रथिने, कॅल्शियम व जीवनसत्त्वे यांचा मेळ पशुवैद्याच्या सल्ल्यानेच घालावा. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे. त्या बाबतीत आपली स्वयंपाकघरे आधीच निर्धोक आहेत. पण द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट हेही विषारीच, आणि शिऱ्यातला एखादा बेदाणा लाडाने पुढे करण्याची सवय पुष्कळ घरांत असते. ती मोडावी.

ज्यांनी अद्याप घेतलेले नाही, त्यांना नम्र सूचना अशी की, मॅस्टिफचा विचार या जिल्ह्यात करूच नये. साठ किलोंचा, रात्री जागणारा, परक्यावर विश्वास न ठेवणारा, दोन थरांच्या लोकरीतला हा पहारेकरी वातानुकूलित खोलीत कैदी होतो आणि खोलीबाहेर रोगी. ल्हासा घ्यायचाच असेल तर २०१७ च्या श्वानपैदास नियमांची माहिती असू द्यावी : पैदासकाराची नोंदणी राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा. ती दाखवण्याची टाळाटाळ झाली तर तेथून परतावे. आणि मनाशी एक हिशेब करावा : आज घरातील मुलगी चौथीत असेल, तर हा कुत्रा म्हातारा होईल तेव्हा तिचे पदवीचे शिक्षण संपत आलेले असेल. तोवर त्याची सोबत निभावण्याची तयारी आहे ना?

आपल्या मातीचा सोबती

तिबेटच्या तांड्यांना जसा दो-ख्यी, तसा आपल्या तांड्यांनाही एक कुत्रा होता. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड या भागांत बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. हा समाज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून देशभर फिरत असे. त्यांच्या सोबतीने चालणारा, सडपातळ, लांब पायांचा, आखूड केसांचा कुत्रा ‘कारवानी’ म्हणून ओळखला जातो. कर्नाटकातील मुधोळ येथे त्याच धाटणीच्या कुत्र्याला मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याचा लौकिक इंग्लंडच्या राजापर्यंत पोहोचवला, आणि २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी श्वानांची जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. त्याच्या अंगावर चरबी कमी आणि केस अगदी बारीक. दख्खनच्या उन्हाशी झालेला हा पिढ्यान्‌पिढ्यांचा करारच. तोही पळण्यासाठी घडलेला आहे; दोन खोल्यांच्या सदनिकेत त्यालाही कोंडू नये. पण मळा किंवा मोठे अंगण असणाऱ्याने आधी त्याच्याकडे पाहावे. आणि ज्यांना केवळ सोबत हवी आहे, त्यांच्यासाठी आपल्या गल्लीतच, बाजार समितीच्या ओट्याखाली जन्मलेले एखादे पिल्लू असते. येथील ऊन त्याच्या रक्तातच मुरलेले असते. लसीकरण आणि निर्बीजीकरण करून घेतले की तेही बारा वर्षे इमाने राहते, आणि त्याची किंमत कोणी मागत नाही.

आमच्या आत्येबहिणीच्या घरी पुन्हा कुत्रा आलेला नाही. नातीने हट्ट धरला होता. पण यावेळी निर्णय तिच्यावरच सोपवला आहे. अट एकच : आधी तो कोठला, कशासाठी घडलेला, आणि उन्हाळ्यात दुपारी कोठे बसणार, हे तिने कागदावर लिहून दाखवायचे. मागल्या सुट्टीत तिने मागच्या पडवीचे पत्रे काढवून तेथे कौले घालायला लावली. पाण्याची दोन मातीची भांडी कडुनिंबाखाली ठेवली आहेत. दुपारी गल्लीतील एक तांबूस कुत्री तेथे येऊन पाणी पिते, सावलीत अंग टाकते आणि उन्हे कलली की निघून जाते. कागद अजून पूर्ण झालेला नाही.